वरून घेतलेलं माप

१

वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांना सगळे जपूनराव म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. जिना उतरणाऱ्याला 'जपून', गरम चहाचा कप उचलणाऱ्याला 'जपून', नुसतं 'बरंय, निघतो' म्हणणाऱ्यालाही 'जपून'. घरात तर बघायलाच नको. रिमोटला प्लॅस्टिक, मिक्सरला झबलं, सुटकेसला खोळ आणि त्या खोळीला धूळ लागू नये म्हणून वरून जुनी चादर. बायको म्हणायची, "एक दिवस मलाही खोळ शिवाल तुम्ही." त्यावर ते गंभीरपणे म्हणत, "शिवली असती, पण तू एका जागी बसत नाहीस."

त्यांना एकच मुलगा, तोही उशिरा झालेला. त्याला त्यांनी किती जपलं हे सांगण्यात अर्थ नाही. पोहायच्या तलावावर पाठवलं होतं ते कडेला उभं राहून कसं पोहतात ते बघायला, एवढं सांगितलं तरी पुरे. तरी पोरगं हसतमुख निघालं. स्वतःच्या कमाईची मोटरसायकल घेतली, बापाच्या सूचना ऐकत ऐकत ती चालवली आणि मग लांबच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायचं काम मिळालं तेव्हा ती घरी ठेवून गेलं. बसच्या खिडकीतून तो एवढंच म्हणाला, "बाबा, गाडी उघड्यावर असते. तिला एक चांगलं कव्हर घाला. मी येतोच."

गाडी इमारतीच्या मागच्या भिंतीशी, त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असायची. वर छप्पर नाही. दुपारनंतर ऊन थेट तिच्यावर आणि पाऊस आला की चहूबाजूंनी. जपूनरावांनी कव्हर शोधायचं मनावर घेतलं. दुकानादुकानांतून हिंडले. कापड उजेडासमोर धरून बघितलं, दोन्ही अंगठ्यांनी शिवण ताणून बघितली, खिशातल्या बाटलीतलं पाणी ओतून बघितलं. दुकानदार त्यांना पाहिल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळू लागले. चकचकीत कापड उन्हात तडकतं, ताडपत्री टिकते पण रंगावर चरे पाडते, आतून मऊ अस्तर हवं, खाली चांगलं इलॅस्टिक हवं, पोटाखालून पट्टा आणि बक्कल हवं. स्वस्तातलं टिकत नाही आणि महागातलं नुसतं नावाला महाग असतं. अखेर मधलं एक चंदेरी कव्हर त्यांनी घेतलं, आणि रविवारी दुपारी मुलाचा फोन आला तेव्हा त्याच्याबद्दल इतकं सांगितलं की बायकोने फोन हातातून ओढून घेतला.

दर रविवारी सकाळी ते खाली जाऊन कव्हर काढत, गाडी पुसत, थोडा वेळ चालू ठेवत आणि ती निवल्यावर पुन्हा झाकत. दुपारी फोन येई. आठवडा असा या दोन गोष्टींना बांधलेला होता.

२

चंदेरी कव्हर फाटलं. सीटच्या वर, मधोमध, बोटभर लांब चीर पडली होती.

फाटण्याचं दुःख होतंच, पण जपूनराव अडले ते वेगळ्याच ठिकाणी. कव्हर फाटतं ते टोकाला, म्हणजे आरशापाशी, हँडलपाशी, नंबरप्लेटच्या कोपऱ्यापाशी. सीट मऊ असते आणि तिच्यावर कापड नुसतं पडलेलं असतं. तिथे कापडाला टोचायला काहीच नाही. त्यात चिरेचे धागे बाहेरच्या बाजूला वळलेले होते.

"मांजर असेल," शेजारच्या आजोबांनी वरून सांगितलं. "आत शिरून झोपतात. ऊब असते ना."

ऊब होती खरी. जपूनरावांनी सीटवर हात ठेवला तर ती कोमट लागली. सकाळची वेळ होती, ऊन अजून भिंतीच्या पलीकडे होतं आणि गाडी आठवडाभर चालू झालेली नव्हती. कव्हरच्या आतल्या बाजूला दमट वास होता. तो रबराचा नव्हता आणि तेलाचाही नव्हता. कुणी बराच वेळ झोपून उठल्यावर अंथरुणाला येतो तसा तो वास होता. मांजराचा एक केस मात्र त्यांना सापडला नाही. तरी त्यांनी मांजरच धरलं, कारण दुसरं काही धरण्यासारखं नव्हतं.

त्या दुपारी मुलाचा आवाज लांबून आल्यासारखा होता. मधूनच विरत होता. "आज बरं वाटतंय," तो म्हणाला. "जरा वारा आला." पुढचं ऐकू आलं नाही.

जपूनरावांनी दुसरं कव्हर आणलं. दुप्पट जाडीचं, शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेलं. ते घातल्यावरच्या रविवारी आवाज स्वच्छ आला, इतका की बायकोने फोन कानापासून थोडा लांब धरला. पण मुलगा कुरकुरत होता. खोलीत कोंदतंय म्हणाला. रात्र लवकर होते म्हणाला. आईने विचारलं, "जेवतोस ना नीट?" त्यावर तो म्हणाला, "हो, जेवत असेन."

हे कव्हरही त्याच जागी उसवायला लागलं.

३

"साइज लहान पडतेय," दुकानदार म्हणाला. "तयार माल घेऊच नका. मापाचं शिवून घ्या."

मापाचं म्हटल्यावर जपूनरावांची कळी खुलली. माप हा त्यांच्या घरचा विषय. बाजारातल्या काट्यांवर आणि मापांवर खरेपणाचा शिक्का मारण्यात त्यांची उमर गेली होती. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारा एक कारागीर त्यांना कुणीतरी सुचवला. एका संध्याकाळी ते आपला पोलादी टेप घेऊन खाली उतरले तेव्हा भुरभुर पाऊस पडत होता. आता, दुसऱ्या कुणीही कव्हर बाजूला काढून माप घेतलं असतं. गाडी चार थेंबांनी विरघळत नाही. पण पावसात गाडी उघडी करणं जपूनरावांच्या हातून या जन्मात झालं नसतं. त्यांनी कव्हरवरूनच माप घेतलं आणि जाऊन आकडे सांगितले.

ताडपत्रीवाला खडूने कापडावर रेघ ओढता ओढता थांबला. "साहेब, मागे पेटी बसवलीय का गाडीला?"

"नाही."

"मग मधे एवढी उंच कशी? हँडलच्याही वर जातंय हे. आत कुणी बसणारे का?" तो स्वतःच हसला. "वरून माप घेतलं असेल तुम्ही. तसं चालत नाही. उघडी करून घ्या."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. जपूनरावांनी कव्हर काढून माप घेतलं. सीट जिथे असायला हवी तिथेच होती, त्यांच्या कमरेखाली. त्यांनी पुन्हा कव्हर घातलं आणि पुन्हा टेप लावला. सीटच्या वर कापड जवळजवळ दोन हात उंच उभं होतं. त्यांनी त्यावर तळहात ठेवून दाबलं, कारण रिकामं कापड दाबलं की खाली बसतं. हे बसलं नाही. थोडं दबलं आणि मग हळूच परत वर आलं.

ते तिथून बाजूला झाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कापड नवीन आहे, ताठ आहे, आत हवा कोंडते, अशी कारणं त्यांनी स्वतःला एकामागून एक दिली. उभ्या हयातीत त्यांनी खोटं माप चालू दिलं नव्हतं, आणि आता त्यांच्या हातात एकाच वस्तूची दोन मापं होती आणि दोन्ही खरी होती. त्या कापडाखाली जे वर आलं होतं ते अगदी ओळखीच्या उंचीचं होतं. बाहेर जाताना ज्या खांद्यावर ते 'जपून' म्हणून हात ठेवत, तो खांदा गाडीवर बसल्यावर तिथेच यायचा.

संध्याकाळी त्यांनी ताडपत्रीवाल्याला निरोप दिला, "पहिलंच माप धरा. वरून घेतलेलं."

४

मापाचं कव्हर मात्र काय शिवलं होतं. दुहेरी ताडपत्री, आत मऊ फलाटीण, शिवण तीनपदरी, पोटाखालून एकाऐवजी दोन पट्टे. पाणी आत जायची सोय नव्हती, हवाही नाही. घातलं आणि एक सुरकुती पडली नाही.

"बसलं का नीट?" ताडपत्रीवाल्याने विचारलं.

"बसलं," जपूनराव म्हणाले, आणि त्या शब्दाशी जरा घुटमळले.

त्या रविवारी पाऊस होता. फोन आला आणि मुलाचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. बायको आनंदाने रडायलाच लागली, तेव्हा फोन जपूनरावांनी घेतला.

"बाबा, इथे हवा नाहीये."

"खिडकी उघड ना जरा."

"कुठली खिडकी?"

"कुणी आहे का तिथे? मुकादमाला दे बघू फोन."

"मी एकटाच आहे."

"काम काय चाललंय तुझं?"

"काम कसलं, बसून असतो." मग त्याने श्वास घेतला. त्या श्वासाला वेळ लागला. "हलता येत नाही फार. आता वर पाऊस वाजतोय, तो ऐकतोय."

जपूनरावांना फोनमधून पाऊस ऐकू येत होता. ताडपत्रीवर पडावा तसा टपटपणारा, भरभर होणारा, मधेच संथ होणारा. ते उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. खालून पावसाचा आवाज येत होता. तो भरभर झाला तेव्हा फोनमधलाही झाला. खालचा थांबला तेव्हा फोनमधलाही थांबला. आणि त्या शांततेत मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही जवळ आलात का?"

सोमवारी ऑफिसातून त्यांनी कारखान्याला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने दोनदा बघितलं. या नावाचा मुलगा यायचा होता, पण तो आलाच नाही, म्हणाला. जागा तेव्हाच भरली.

हे त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, ती आधी तिने पुरी चिरली. मग विळी बाजूला ठेवून ती म्हणाली, "मला माहीत आहे तो कुठे आहे ते. मी रोज खिडकीतून बघते. तुम्हालाच ते उशिरा दिसलं."

५

दुसऱ्या दिवशी जपूनराव कामावर गेल्यावर तिने खाली जाऊन पट्टे सोडले आणि कव्हर ओढून काढलं. त्याला हवा लागू दे, एवढंच तिच्या मनात होतं. ते घरी आले तेव्हा गाडी उघडी, उन्हात नीटनेटकी उभी होती. तिच्यावर कुणी नव्हतं. बायको शेजारी पायरीवर बसून तिच्याकडे बघत होती.

"मी हाका मारल्या," ती म्हणाली.

गाडी तशीच उघडी राहिली, आणि रविवारी फोन आला नाही. त्यांनी लावला तर हा क्रमांक अस्तित्वात नाही असं एका बाईने गोड आवाजात सांगितलं. पुढच्या रविवारीही तेच. जपूनराव मुलाच्या खोलीत जाऊन बसले. तिथल्या वस्तू जागच्या जागी होत्या, पण त्यांना मुलाचा चेहरा आठवेना. कपाळ आठवायचं, मग डोळ्यांपाशी येऊन सगळं पुसलं जायचं. फोटो बघितला की समजे, आणि फोटो ठेवला की पुन्हा जाई. बायकोलाही तसंच होत होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही, पण फोटो ती हातातून खाली ठेवत नव्हती.

शेवटी कव्हर परत घातलं ते तिनेच. दोन्ही पट्टे ओढून आवळले, बक्कल लावलं. जिना चढून दोघं वर येतात तोच फोन वाजला.

"कुठे होतास इतके दिवस?" ती ओरडलीच.

"कुठे म्हणजे? आत्ताच तर बोललो ना आपण." आवाज स्वच्छ होता, पण थकलेला. "आई, ते काढत जाऊ नका. एकदम उजेड येतो आणि मला माझे हात सापडत नाहीत."

"बरं, बाळा. नाही काढणार."

"पण गुदमरतंय गं फार."

ती फोन कानाला लावून नुसती मान हलवत राहिली.

६

त्यावर जपूनरावांनी काढलेला मार्ग त्यांच्या स्वभावाला धरून होता. बऱ्याच चांगल्या कव्हरांना हवा खेळती राहावी म्हणून जाळी असते आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून तिच्यावर झाकणासारखा एक कापडी झाप. तशी जाळी बसवायची. कव्हर काढायचं नव्हतं, म्हणून ताडपत्रीवाल्याला घरी बोलावलं. त्याने उभ्या गाडीवरच, वरच्या अंगाला, कापडाला कात्री लावली, आणि त्याच क्षणी हात मागे घेतला.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "आतून गरम वाफ आली." त्याने जाळी शिवली, भराभर, वर न बघता. झाप लावला आणि चहाला न थांबता गेला.

पहिल्या रविवारी मुलाला बरं वाटत होतं. "आता येतोय श्वास," तो म्हणाला. आई देवाचं नाव घेत होती. जपूनरावांना वाटलं, जमलं. कधी नव्हे ते त्यांनी बायकोच्या पाठीवर हात ठेवला आणि आपण तिघं घरात आहोत असं त्यांना क्षणभर वाटलं.

दुसऱ्या रविवारी आवाज विरायला लागला. तिसऱ्या रविवारी त्याने आईला विचारलं, "तुम्ही कोण बोलताय?" तिने सांगितलं. तो अदबीने 'बरं, बरं' म्हणाला. एखाद्या अनोळखी बाईशी बोलावं तसं.

जपूनराव तसेच खाली गेले. ऊन उतरणीला लागलं होतं. त्यांनी झाप वर उचलला आणि वाकून बघितलं.

आत काळोख होता. जाळीच्या बारीक भोकांमधून काही दिसेना. मग जाळी आत ओढली गेली, आणि बाहेर फुगली, आणि पुन्हा आत ओढली गेली. त्यांनी डोळा आणखी जवळ नेला. जाळीला आतून ओठ लागलेले होते. कोरडे, फुटलेले, माशाच्या तोंडासारखे हलणारे ओठ. त्यांच्या आजूबाजूला जिथे गाल असायला हवा, हनुवटी असायला हवी, तिथे उजेड पोचत होता आणि उजेड पोचत होता तिथे काहीच नव्हतं.

त्यांनी झाप सोडला. किती वेळ ते तिथे उभे होते ते त्यांना सांगता आलं नसतं. आत हवा जायची तर उजेड जाणार, आणि उजेड गेला की तो तेवढा नाहीसा होणार. हवा बंद केली तर तो राहील. कसा राहील, हे त्यांना नीट कळत होतं. बाप होते ते. पोराला काय सोसेल हे त्यांना कळत होतं आणि आपल्याला काय सोसणार नाही हेही.

वर जाऊन त्यांनी शिवणींवर चिकटवायची पट्टी आणली. बायको खिडकीत आली. तिच्या कानाला फोन होता.

"अहो," ती वरून म्हणाली. "तो नको म्हणतोय."

जपूनरावांनी झापाच्या एका कडेवर पट्टी दाबली.

"तो म्हणतोय, बाबा, नको."

त्यांनी दुसरी कड दाबली. तिसरी दाबली. पट्टी नीट धरावी म्हणून तळहाताने घासली. हाताखाली कापड आत ओढलं गेलं, आणि तिथेच बराच वेळ ओढलेलं राहिलं.

"आवाज कसा येतोय?" त्यांनी वर न बघता विचारलं.

ती रडत होती. "स्वच्छ येतोय," ती म्हणाली. "'आई' म्हणाला मला."

७

फोन अजूनही दर रविवारी येतो. आता कुणी फार बोलत नाही. मुलगा श्वास घेतो, ते दोघं फोन मधे ठेवून तो ऐकतात. चेहरा मात्र त्यांना आता पूर्ण आठवतो, डोळ्यांसकट.

उन्हाने ताडपत्रीचा रंग उडाला तेव्हा जपूनरावांनी वेळेवरच ताडपत्रीवाल्याला बोलावलं. हे फाटेपर्यंत थांबायचं नव्हतं. याच्यावरूनच दुसरं घालायचं होतं. तो यायला नाखूष होता, पण आला. टेप लावताना तो गाडीपासून जमेल तितका लांब उभा राहिला.

"जाळी ठेवायची?" त्याने विचारलं.

"नको."

त्याने सीटवरून टेप टाकला, बघितला, आणि पुन्हा टाकून बघितला. "साहेब, मधे माप कमी भरतंय. मागच्यापेक्षा वीतभर खाली आलंय. पुढे टाकीवर झुकल्यासारखं झालंय."

जपूनरावांनी त्या उंचवट्याकडे बघितलं. त्यांनाही ते कधीचं दिसत होतं.

"मागचंच माप धरा," ते म्हणाले. "पडला असेल जरा. उठून बसेल तो."

ताडपत्रीवाल्याने टेप गुंडाळून खिशात घातला आणि मागचं माप आठवायला लागला.